एक दिवस तुमची, एक दिवस आमची

१२ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद आधीच देऊन टाकते, कारण पुढे सगळं भांडणच आहे.

फोनवर तू "हं, हं, बघतो" म्हणतोस आणि ठेवून देतोस. म्हणून पत्र. पत्राला "हं" करता येत नाही.

भिंगरीची सूज उतरत नाहीये. सकाळी पापण्या इतक्या फुगतात की डोळे उघडत नाहीत, संध्याकाळपर्यंत तीच सूज पायात. काल शाळेचे बूट चढेनात, तर मला म्हणते, "आई, बूट लहान झाले गं." नऊ वर्षांची आहे, तिला कळतं सगळं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं गळताहेत, नेहमीचं औषध लागू पडत नाही, आणि असंच चाललं तर वर्ष-दोन वर्षांत रक्त यंत्रावर धुवायची वेळ येईल. मी घरी आले, तिची वेणी घातली आणि मोरीत जाऊन रडले.

आता ऐक. इथल्या मोठ्या इस्पितळातला तुझा वर्गमित्र लंबू भेटला. तो सांगतो, याच आजारावरचं नवं औषध तपासताहेत आणि ते काम तुझ्याच हातचं आहे! सख्खा मामा औषध घेऊन बसलाय आणि मी दहा दवाखान्यांच्या पायऱ्या झिजवतेय. काखेत कळसा नि गावाला वळसा.

तर भिंगरीला त्यात घे. आणि आणखी एक. अर्ध्या मुलांना म्हणे तुम्ही नुसती पिठाची गोळी देता. ती माझ्या पोरीच्या वाट्याला येता कामा नये. आप्पांचा चालता दवाखाना तू बंद केलास तेव्हा लोक मला नाही नाही ते बोलले. अजूनही कुणीतरी दार वाजवून विचारतं, "आप्पा डॉक्टरांचा मुलगा बसतो का? वडिलांच्या हाताला काय गुण होता!" मी प्रत्येक वेळी तुझी बाजू घेते. आजवर तुझ्याकडे काही मागितलं नाही, आज मागतेय.

ताई


१९ जानेवारी

ताई,

पत्र वाचून लगेच लंबूशी बोललो. भिंगरीला घेतील, पण तिला लंबूच बघेल. ती माझी भाची आहे, त्यामुळे मी तिच्यापासून लांब राहायचं.

तुझं दुसरं मागणं मला पुरं करता येत नाही. करायचं नाही असं नाही गं, येतच नाही. कुणाला खरी गोळी आणि कुणाला खोटी, हे दुसऱ्याच शहरातलं एक यंत्र ठरवतं. मला माहीत नसतं, लंबूला नसतं, गोळ्या देणाऱ्या नर्सला नसतं. बाटलीवर फक्त नंबर. सगळं संपल्यावरच उलगडा होतो.

तू म्हणशील, हा काय आंधळा कारभार! पण आप्पांचं कडू मिश्रण आठव. "जेवढं कडू तेवढं गुणकारी" म्हणत ते तापापासून पोटदुखीपर्यंत सगळ्यांना पाजायचे, आणि लोक तोंड वाकडं करत बरे व्हायचे. त्यांच्यामागे मीही तेच देत होतो. मग एका हिवाळ्यात त्यातली कडू पूड बाजारातून गायबच झाली. मी लोकांना सरळ सांगितलं, औषध नाही, पाणी प्या, पडून राहा. तेही तितकेच बरे झाले! मग इतकी वर्षं बरं कोण करत होतं? औषध, आप्पांचा हात, की आजार आपला आपणच जात होता? हे मला सांगता येईना, आणि सांगता येत नसताना खुर्चीत बसून पैसे घेववेनात. दवाखाना मी त्यासाठी बंद केला. तुला हे कधी नीट सांगितलं नव्हतं.

भिंगरीचा आजारही असाच चढतो-उतरतो. पहिल्या उताराला आईबाप म्हणतात औषध लागलं, पहिल्या चढाला म्हणतात फसवलं. दोन्हीवर विश्वास ठेवू नकोस. औषध असलंच तर अंगी लागायला दोन-तीन महिने जातील.

या कामात तुझी मुलगी काय नि परक्याची काय, सारखीच. हे वाक्य लिहिताना दोनदा पेन खाली ठेवलं. पण खोडत नाही.

बारक्या


१६ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं ते वाक्य वाचून पत्र चुरगळलं होतं. मग परत सपाट केलं. तेवढंच.

गोळ्या सुरू झाल्या. दर सोमवारी इस्पितळाच्या लांबलचक बाकावर आम्ही आया रांगेनं बसतो. मी शाळामास्तरीण, त्यामुळे दुसऱ्याच सोमवारी सगळा वर्ग माझ्या ताब्यात! कुणाचा नंबर, कुणाची लघवी तपासायची राहिली, सगळं मलाच विचारतात. नर्ससुद्धा.

माझ्या शेजारी एक शिवणकाम करणाऱ्या बाई असतात. आम्ही सगळ्या त्यांना शिवणबाईच म्हणतो. बाकावरही त्यांच्या हातात कुणाच्या तरी सदऱ्याची काजं असतात. त्यांची लेक भिंगरीएवढीच, फार गुणी. दोघींचं मेतकूट जमलंय.

भिंगरीला गोळी गिळता येत नाही, ती चावते. पहिल्याच दिवशी असं काही तोंड केलं की मला आप्पांचा अख्खा दवाखाना आठवला. शिवणबाईंच्या लेकीची मात्र फिक्की आहे, म्हणते काहीच लागत नाही. कडू लागते यात काही वाईट नाही ना? सहज विचारतेय.

ताई


२७ फेब्रुवारी

ताई,

गोळी चावायची नसते, गिळायची असते. चवीवरून काही कळत नाही, तेव्हा चवीचा विचारच करू नको. आप्पा गेले पण त्यांचा कडूपणा काही आपल्या घरातून जात नाही!

इथे माझी झोप उडाली आहे. संशोधन संस्थेत मला अजून "दवाखानेवाला" म्हणतात, तोंडावर नाही, पण जिन्यात ऐकू येतं. आठ इस्पितळांत हे काम चाललंय. ते फसलं तर माझी खोली दुसऱ्या कुणाला मिळेल, आणि आता पुन्हा दवाखान्याची पाटी लावायला मला तोंड नाही. पण त्याहून मोठी भीती वेगळीच आहे. औषध चांगलं असेल आणि आमच्याच कुठल्यातरी गबाळेपणानं ते सिद्ध झालं नाही, तर? मग ते कायमचं कपाटात जाईल आणि भिंगरीसारख्या पोरांना काहीच मिळणार नाही. म्हणून एवढा काटेकोरपणा गं. तू मला दगड म्हणतेस, म्हण.

बारक्या


८ एप्रिल

बारक्या,

सूज उतरली! बूट चढले! तू म्हणशील, पहिल्या उतारावर विश्वास ठेवू नको. तू आपला नको ठेवूस, मी ठेवते. तुझ्या औषधाला यश आहे. आप्पांचा हातगुण तुझ्यात उतरलाय, कितीही नाही म्हण.

शिवणबाईंच्या लेकीचं मात्र बरं दिसत नाही. चेहरा फुगलाय, दम लागतो. परवा तिच्या आईनं काज उलट्या बाजूनं शिवलं आणि मग उसवत बसली. मला बघवेना.

तुझं ते "तुझी मुलगी काय नि परक्याची काय" मी त्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, तुमचा भाऊ मोठ्या मनाचा दिसतो. मी म्हटलं, आहेच. मी तरी कुठे लहान मनाची आहे?

आता काही दिवस पत्र नाही आलं तर काळजी करू नको. परीक्षांचे दिवस आहेत.

ताई


३ ऑगस्ट

ताई,

तू चार महिने लिहिलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. आज लिहितोय ते काम म्हणून. हे पत्र कुणाला दाखवू नको.

या अभ्यासावर एक देखरेख मंडळ आहे. कुठल्या मुलाला काय मिळतं हे फक्त त्यांना बघता येतं. त्यांनी मला काल बोलावलं. मुलांचं रक्त तपासतात त्यात औषधाचा अंश दिसतो. खोटी गोळी घेणाऱ्याच्या रक्तात तो नसायला हवा. सात इस्पितळांत तसंच आहे. तुमच्या इस्पितळात मात्र सगळ्याच्या सगळ्या मुलांच्या रक्तात औषध सापडलंय. सगळ्यांच्या! आणि भरपूर कुणाच्याच नाही.

याचा एकच अर्थ लावला जातोय. आतल्या कुणीतरी खरं औषध सगळ्यांना वाटलं. औषधाच्या कपाटाची किल्ली लंबूकडे असते. लंबू हळवा आहे, हे मला कॉलेजपासून ठाऊक आहे. मुलं रडली की हा रडतो. त्यानं दयेपोटी असं काही केलं असेल, तर त्याची डॉक्टरकी जाईल आणि आमचा अभ्यास बुडेल. मी विचारलं तर तो म्हणाला, "बारक्या, तुला माझ्यावर संशय आहे?" आमची इतक्या वर्षांची मैत्री, आणि मला "नाही" म्हणता आलं नाही.

येत्या सोळा तारखेला त्याला मंडळापुढे उभं करणार आहेत. तू दर सोमवारी तिथे असतेस. त्याला बाटल्यांशी काही करताना पाहिलंस का? तुझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही. खरं काय ते लिही.

बारक्या


७ ऑगस्ट

बारक्या,

चोर सोडून संन्याशाला फाशी देऊ नकोस. लंबूनं काही केलेलं नाही. मी केलंय.

फोनवर तू ओरडशील म्हणून लिहूनच सांगते. मार्चअखेरीस मी बाकावरच्या सगळ्या पोरांना विचारलं, गोळी जिभेवर ठेवून सांगा. काहींची कडू, काहींची फिक्की. कडू म्हणजे औषध आणि फिक्की म्हणजे पीठ, हे कळायला काय डॉक्टर व्हावं लागतं? भिंगरीची कडू होती आणि ती सुधारली होती. शिवणबाईंच्या लेकीची फिक्की आणि ती फुगत चाललेली. सगळं अगदी फळ्यावरच्या गणितासारखं जुळलं.

मग मला रात्रंदिवस एकच. माझी पोर उड्या मारतेय आणि शेजारचं लेकरू माझ्यादेखत बुडतंय. मनात आलं, कशाला सांगायचं? आपलं पोर वाचतंय ना, गप्प बस. दोन सोमवार मी गप्प बसले, खरंच सांगते. तिसऱ्या सोमवारी शिवणबाईंनी मला त्या उलट्या शिवलेल्या काजाची गंमत सांगितली आणि हसता हसता त्यांचा आवाज फुटला. मला राहवलं नाही.

मी जोड्या लावल्या. एक कडूवाली, एक फिक्कीवाली. जोडीनं बाटल्या वाटून घ्यायच्या. एक दिवस तुमची, एक दिवस आमची. सगळ्या आया तयार झाल्या. कडूवाल्या काहीजणी रडल्या, पण तयार झाल्या. लंबूला आणि नर्सला काही कळू दिलं नाही. दर सोमवारी गोळ्या मोजून देतात, ती मोजणी आम्ही चोख जुळवत होतो.

म्हणजे बारक्या, भिंगरीचं अर्धं औषध मी परक्या मुलीला दिलं. भिंगरीची सूज थोडी परत आली तेव्हा मी मोरीत जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, तरी दिलं. शिवणबाईंची लेक हळूहळू सुधारली. त्यांनी भिंगरीला खिशांचा फ्रॉक शिवून दिला. दर सोमवारी माझा हात धरून म्हणतात, तुमच्यामुळे माझी पोर आहे. तो फ्रॉक घेताना मला संकोच वाटला नाही. अभिमान वाटला.

तूच लिहिलं होतंस ना, तुझी मुलगी काय नि परक्याची काय? मी ते करून दाखवलं. आता लंबूला सोडव.

ताई


१२ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा आनंदलो की लंबू निर्दोष आहे. मग खुर्चीत बसलो तो तासभर उठलोच नाही.

तुला कळतंय का तू काय केलंस? एका इस्पितळातला सगळा अभ्यास पाण्यात गेला. हात दाखवून अवलक्षण! आणि तुझ्यावर नुसतं चिडताही येत नाही, हे सगळ्यांत वाईट. मला वाटत होतं, तू काही करशील तर आपल्या पोरीसाठी पदरात ओढून घेशील. तू पदरातलं काढून दिलंस. मी तुला ओळखत नव्हतो.

तुझं पत्र जाळावं, रक्त तपासणाऱ्यांची चूक झाली असं म्हणावं, असं मनात येऊन गेलं. कारण हे कळवलं की तुम्हा सगळ्यांच्या गोळ्या बंद होणार, हे मला माहीत होतं. भिंगरीच्याही. पण न कळवावं तर लंबू गेला. आणि खोट्या आकड्यांवर उभं राहिलेलं औषध उद्या हजारो मुलांना द्यायचं?

मी कळवलं. लंबू सुटला. गोळ्या बंद होतील. आता तुला जे बोलायचं ते बोल.

बारक्या


३० सप्टेंबर

डॉक्टरसाहेब,

बारक्या म्हणवत नाही.

शिवणबाईंची लेक इस्पितळात आहे. छातीत पाणी झालं. काल तिच्या नाकाला नळी लावली होती आणि तिची आई पलंगाशेजारी रिकाम्या हातानं बसली होती. त्या बाईंचे हात मी पहिल्यांदाच रिकामे पाहिले. भिंगरीच्या पापण्या पुन्हा फुगल्यात. लंबू जुनं औषध देऊन बघतोय. बाकावर कुणी माझ्याशी बोलत नाही, मीच बोलले म्हणून गोळ्या बंद झाल्या ना.

तुझा खरेपणा मला कळतो. लंबूचं घर वाचलं हेही कळतं. पण त्या पोरीची धाप ऐकत तिथे मी बसते, तू नाही. आप्पा असते तर हातातलं काम टाकून आले असते. औषध नसतं दिलं तरी उशाशी बसले असते. लोक त्यालाच हातगुण म्हणत असतील.

उत्तर नको.


१८ नोव्हेंबर

ताई,

तू उत्तर नको म्हणालीस म्हणून मी उत्तराऐवजी स्वतःच आलो होतो. तुझं पत्र मिळालं त्या रविवारी लंबूबरोबर त्या मुलीच्या उशाशी बसलो, तुला माहीत आहे. काही करता आलं नाही. नुसता बसलो. ती मला "गोळीवाले मामा" म्हणाली. दवाखाना सोडल्यापासून मी आजारी माणसाच्या इतक्या जवळ बसलो नव्हतो. आप्पांचं थोडंसं कळलं.

आता बातमी. बाकीच्या सात इस्पितळांचा फरक इतका स्पष्ट निघाला की मंडळानं मुदतीआधीच उलगडा करायला सांगितला. औषध काम करतं. ताई, ते खरंच काम करतं! सोमवारपासून ते सगळ्या मुलांना, पूर्ण, मिळेल. भिंगरीला आणि त्या मुलीला लंबू स्वतः सुरू करतोय.

इथे पत्र संपवायचं ठरवलं होतं. लंबू म्हणाला, पुढचं कशाला सांगतोस, कुणाचं भलं होणार आहे? दोन दिवस मीही तेच म्हणत होतो. पण तू मला लंबूबद्दल खरं लिहिलंस तेव्हा स्वतःला वाचवलं नव्हतंस. मी तुला वाचवायला जाऊ, हे बरं नाही.

कडू गोळी खोटी होती.

खऱ्या औषधाला किंचित कडवट चव असते, म्हणून चव जुळावी यासाठी खोट्या गोळीतही कडू घालायला सांगितलं होतं. बनवणाऱ्यांकडून ते जास्त पडलं आणि खऱ्या गोळीवरचा थर जाड झाल्यानं ती फिक्की लागली. आम्ही चाखून बघितलं नाही. तू मला फेब्रुवारीत विचारलं होतंस आणि मी थट्टेवारी नेलं. ही आमची चूक आहे आणि ती मी शोधनिबंधात छापणार आहे.

म्हणजे भिंगरीला औषध मिळत नव्हतं. एप्रिलमधला उतार आजाराचा आपला आपण होता. शिवणबाईंची लेक खरं औषध घेत होती, ते अजून अंगी लागायचं होतं, आणि नेमकं तेव्हाच त्यातलं अर्धं भिंगरीला मिळू लागलं. दिलं त्यांनी, ताई. घेतलं आपण.

त्या मुलीला पूर्ण औषध मिळत राहिलं असतं तर ती सप्टेंबरात पडली असती का? मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. तुझं मन काय होतं, ते मात्र मला पक्कं माहीत आहे.

तुझा बारक्या


२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पत्र आलं त्या दिवशी वर्गात मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि मुलांना सांगितलं, धडा मनात वाचा.

"जेवढं कडू तेवढं गुणकारी." दवाखाना तू बंद केलास, पण मी तो डोक्यात चालू ठेवला होता बघ. गणित शिकवणारी बाई मी, आणि अख्खं गणित उलटं मांडलं.

हे म्हणाले, कशाला सांगतेस त्यांना, दोन्ही पोरी आता बऱ्या होताहेत, झालं गेलं. मला ते फार पटलं. दोन महिने पटत होतं. मग सोमवारी शिवणबाई बाकावर माझा हात धरून पुन्हा म्हणाल्या, तुमच्यामुळे माझी पोर आहे. माझा हात त्यांच्या हातात जळायला लागला.

संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. मशीनवर होत्या. त्यांची लेक खाटेवर बसून बटणं निवडत होती. तिची सूज उतरतेय, आवाज मात्र अजून बारीक आहे. मी बाईंना बाहेर पायरीवर बोलावलं आणि सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचून दाखवलं.

त्यांनी बोटाला अडकलेला दोरा सोडवून काढला. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या पोरीचं अर्धं औषध तुमच्या पोरीच्या पोटात गेलं."

मी म्हटलं, "हो."

"आणि मी तुमचे आभार मानत होते. दर सोमवारी."

"हो."

"फ्रॉक शिवला."

मी म्हटलं, "मी फ्रॉक आणलाय, परत घ्या." पिशवी पुढे केली. त्यांनी पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही.

"फ्रॉक राहू दे. तो पोरीला शिवला होता." मग त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "पण इतके महिने मी मानले, आता तुम्ही माना."

दिवसभर मी पोरांच्या मागे लागते, आभार मानायला शिका म्हणून. तिथे पायरीवर मला शब्द फुटेना. रडू येत होतं, पण रडले असते तर त्यांनाच मला समजवावं लागलं असतं, म्हणून रडलेही नाही. नीट, मोठ्यानं म्हणाले, "तुमच्या लेकीमुळे माझी भिंगरी आहे."

त्या "असू दे" म्हणाल्या नाहीत. मान हलवली आणि आत जाऊन मशीनवर बसल्या. मी मशीनचा आवाज ऐकत थोडा वेळ पायरीवरच बसले.

परवाच्या सोमवारी मी बाकाच्या टोकाला जाऊन बसले. त्यांनी आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि शेजारची जागा मोकळी केली. मी जाऊन बसले.

तू निबंधात तुमची चूक छापणार आहेस ना, मग आमचीही छाप. नाव नको घालूस, पण एका आईनं गोळी चाखून ठरवलं, असं लिही. पुढच्या वेळी तुम्ही आधी चाखून बघाल.

आणि काल भिंगरी बूट घालायला बसली आणि म्हणाली, "आई, बूट लहान झाले." मी धावत जाऊन पाय दाबून पाहिले, सूज कुठेच नाही. अंगठा टोकाला टेकत होता. बारक्या, पोर वाढली रे. आज नवे घेतले.

ताई